एपिड्यूरल घेऊ का नको, आणि सासूबाईंना काय सांगू?

पत्र असं आलंय:

"ताई, मला सातवा महिना संपत आलाय, पहिलंच बाळंतपण. मी पुण्यात नोकरी करते, माहेर बार्शीचं. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तिकडेच जायचं ठरलंय. पण मला कळांची प्रचंड भीती वाटते. यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला तर रडायलाच लागले, रात्री झोप येत नाही. घरात एपिड्यूरलचं, म्हणजे कळा कमी करायला पाठीत देतात त्या इंजेक्शनचं, नाव काढलं तर सासूबाई म्हणाल्या आम्ही तीन-तीन बाळंतपणं काढली, आम्हाला कोणी इंजेक्शनं दिली? कळा सोसल्याशिवाय आईपण कळत नाही. माझ्या जाऊबाईंनी घेतलं होतं, त्यांची कंबर अजून दुखते, ते ऐकून माझी आई पण घाबरलीये. नवरा म्हणतो तुला पाहिजे ते कर. पण बार्शीत ते मिळेल का, बाळाला काही होईल का, आणि नाहीच मिळालं तर मी काय करू? मी कमजोर आहे का ताई? नाव छापू नका."

अगं, तुझी शेवटची ओळ वाचून मला खरंच वाईट वाटलं, त्यामुळे तिचंच उत्तर आधी. नाहीस तू कमजोर. दुखणार आहे हे दोन महिने आधी ओळखून त्याची सोय बघायला निघालेली बाई कमजोर कुठून झाली? आणि कळा सोसल्या तरच आई म्हणायचं तर ज्यांचं सिझर झालं त्या कोण, ज्यांनी बाळ दत्तक घेतलं त्या कोण? मी बरीच वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून काढली. तोंडातून आवाज न काढता बाळंत झालेल्या बघितल्या, ओरडून अख्खं हॉस्पिटल डोक्यावर घेतलेल्या बघितल्या, एपिड्यूरल घेऊन मधे तासभर झोप काढलेल्या पण बघितल्या. दुसऱ्या दिवशी वॉर्डात राउंडला गेलं की यातली कुठली कोण हे त्यांच्या बाळांकडे बघून कुणालाही सांगता आलं नसतं.

आता आधी कळा म्हणजे काय ते समजून घे, कारण व्हिडिओत फक्त शेवटची दहा मिनिटं दाखवतात आणि आपल्याला वाटतं अख्खा दिवस असंच चालणार. गर्भपिशवी आवळते, त्याने पिशवीचं तोंड हळूहळू उघडतं, पूर्ण उघडलं म्हणजे १० सेंटिमीटर. सुरुवातीच्या कळा पाळीच्या दुखण्यासारख्या असतात, लांब लांब येतात, पहिलटकरणीला हा काळ बरेच तास चालतो, आणि त्यात घरी राहून जेवणखाण, अंघोळ, झोप सगळं करता येतं. खरा जोर साधारण ५ सेंटिमीटरनंतर. जागतिक आरोग्य संघटना पण २०१८ पासून तिथूनच ॲक्टिव्ह लेबर धरते, आणि तिथून पुढे पहिलटकरणीचं बहुतेक वेळा १२ तासांच्या आत तोंड पूर्ण उघडतं. जोरात चालू असताना दहा मिनिटांत तीन-चार कळा येतात, एकेक चाळीस सेकंद ते मिनिटभर. म्हणजे चार कळा पूर्ण मिनिटभराच्या धरल्या तरी दहातली सहा मिनिटं दुखत नसतं. ही सहा मिनिटं फार महत्त्वाची आहेत. बऱ्याच बायका पुढच्या कळेच्या धास्तीने ती पण अंग आवळून घालवतात आणि निम्म्यातच थकून जातात.

एपिड्यूरल. आपल्याकडे याला पेनलेस डिलिव्हरी म्हणून बोर्ड लावतात, अगदी काहीच कळत नाही असं नसतं पण दुखणं खूप म्हणजे खूपच कमी होतं, सध्या जेवढे उपाय आहेत त्यात सगळ्यात चांगला हाच. आधी हाताला सलाईन लावतात, मग तुला बेडच्या कडेला बसवतात किंवा कुशीवर झोपवतात, हनुवटी छातीला लावून पाठ बाहेर काढायला सांगतात, पुढे उशी देतात कवळायला. कंबरेच्या खालच्या भागात आधी जागा बधिर करायचं छोटं इंजेक्शन, ते चुरचुरतं. मग दाब जाणवतो. सुईतून केसासारखी बारीक नळी आत सरकवतात, सुई काढून घेतात, नळी पाठीला चिकटपट्टीने चिकटवतात आणि त्यातून थोडं थोडं औषध जात राहतं. सुई आत असताना हलायचं नाही एवढं पक्कं लक्षात ठेव, मधेच कळ आली तर "थांबा, कळ येतीये" असं मोठ्याने सांगायचं, भूलतज्ज्ञ थांबतात. पंधरा-वीस मिनिटांत गुण येतो. त्यानंतर पाय जड होतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी खाली उतरू देत नाहीत, लघवीसाठी नळी घालावी लागू शकते, बीपी सुरुवातीला सारखं बघतात कारण ते उतरू शकतं, अंगाला खाज येते काहींना, थंडी वाजल्यासारखं कापरं भरतं, थोडा ताप येऊ शकतो. आठ-दहा जणींत एखादीला नीट लागू पडत नाही, एकाच बाजूला बधिर होतं वगैरे, मग नळी थोडी सरकवून किंवा परत घालून बघतात. आणि साधारण शंभरात एकीला नंतर खूप डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त आणि आडवं झालं की कमी, त्यावर इलाज आहे, पण ते अंगावर काढायचं नाही, लगेच सांगायचं. नसेला कायमची इजा ही फार म्हणजे फार क्वचित घडणारी गोष्ट आहे.

जाऊबाईंच्या कंबरेबद्दल. त्यांचं दुखणं खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, बाळंतपणानंतर कंबर दुखणाऱ्या बायका ढिगाने आहेत. पण एपिड्यूरल न घेतलेल्यांची पण दुखते आणि तेवढीच दुखते, यावर भरपूर अभ्यास झालाय. सुई टोचली तिथे चार दिवस ठणकतं, ते त्या सुईचं. पुढची महिनोन्‌महिन्यांची कंबरदुखी मात्र नऊ महिने वाढलेल्या पोटाने सैल झालेले स्नायू, दिवसातून दहा वेळा वाकून पाजणं, एका कमरेवर बाळ घेऊन स्वयंपाक करणं यातून येते. जाऊबाईंना सांग एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा, "एपिड्यूरलमुळे आहे, आता काय करणार" म्हणून कितीतरी बायका इलाजच करत नाहीत याचा मला जास्त राग येतो.

दुसरी भीती म्हणजे एपिड्यूरल घेतलं की सिझर होतं. नाही होत. ११,००० पेक्षा जास्त बायकांच्या ४० अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये आला, त्यात सिझरचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पूर्वी जास्त डोस द्यायचे, त्यामुळे जोर लावता यायचा नाही आणि वॅक्यूम-चिमटा लावून बाळ ओढावं लागायचं, तीच आठवण लोकांच्या डोक्यात आहे. हल्लीच्या कमी डोसमध्ये ते पण फारसं राहिलं नाही, बाहेर ढकलायचा वेळ थोडा वाढू शकतो एवढंच. बाळापर्यंत औषध पोचतं ते अगदी थोडं, आणि बाळंत झाल्याबरोबर पाजायला काही हरकत नसते. अजून एक, "अमुक सेंटिमीटर झाल्याशिवाय देता येत नाही" असं कोणी म्हणालं तर तसा नियम नाही, कळा चालू आहेत आणि तुला हवंय एवढं पुरतं. उशीर मात्र होऊ शकतो, बाळाचं डोकं दिसायला लागल्यावर मागितलं तर मग वेळच नसतो.

कोणाला देत नाहीत ते पण ऐक: प्लेटलेट फार कमी असतील, रक्त पातळ करणारी हेपॅरिनसारखी इंजेक्शनं चालू असतील, पाठीवर त्या जागी इन्फेक्शन असेल, तर नाही. इकोस्प्रिनची छोटी गोळी चालू असेल तर सहसा अडत नाही पण सांगायला विसरू नको. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधीच भूलतज्ज्ञांना भेट.

आता बार्शी का पुणे, आणि माझ्या मते तुझ्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. तालुक्याच्या गावात चांगले डॉक्टर नसतात असं नाही, कित्येक ठिकाणी उत्तम असतात. पण एपिड्यूरलला भूलतज्ज्ञ लागतो आणि तो सुई टोचून निघून गेला असं चालत नाही, पुढचे काही तास बीपी आणि बाळाचे ठोके बघणारं माणूस लागतं, गरज पडली तर त्याला परत यावं लागतं. लहान गावात एकच भूलतज्ज्ञ चार-पाच हॉस्पिटलं सांभाळतो, सिझरला बोलावलं की येतो आणि पुढच्या ठिकाणी जातो. म्हणून बार्शीच्या डॉक्टरांना फोनवर नको, समोर बसून विचार: तुमच्याकडे एपिड्यूरल देता का, रात्री दोन वाजता पण मिळेल का, भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, गेल्या महिन्यात कोणाला दिलं होतं का, पैसे वेगळे किती. "बघू तेव्हाचं तेव्हा" हे उत्तर आलं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो, वाईट वाटून घेऊ नको, समजून घे.

तसं झालं आणि तुला एपिड्यूरल मनापासून हवं असेल तर मी सांगेन बाळंतपण पुण्यात कर आणि आईला तिकडे बोलाव. माहेर म्हणजे आई ना, आई पुण्यात आली की तिथेच माहेर. सव्वा महिना तिने तुझ्याकडे राहायचं, किंवा बाळ दोन-तीन आठवड्यांचं झालं की डॉक्टरांना विचारून तू बार्शीला जायचं. बार्शीलाच जायचं ठरलं तरी हरकत नाही, फक्त एपिड्यूरल मिळणार नाही हे गृहीत धरून तयारी करून जा. काहीही ठरव पण ३६ आठवड्यांच्या आत ठरव. तेवढा रस्ता भरल्या दिवसांत नको.

एपिड्यूरल नाही मिळालं तर हातात काहीच नाही असं समजू नको. कंबरेत किंवा दंडात द्यायची ट्रामाडॉलसारखी इंजेक्शनं असतात, धार कमी होते, गुंगी येते, मळमळतं. बाळ बाहेर यायच्या अगदी जवळ दिली तर बाळ थोडं सुस्त निघू शकतं, म्हणून डॉक्टर वेळ बघून देतात. गॅस पण असतो, निम्मा नायट्रस ऑक्साइड निम्मा ऑक्सिजन, मास्क स्वतःच्या हातात धरायचा आणि कळ सुरू होतीये असं वाटताक्षणी ओढायचा, कारण गुण यायला अर्धा मिनिट लागतो आणि कळ टिपेला पोचल्यावर ओढलास तर ती संपल्यावर चढतो. पुण्या-मुंबईत काही ठिकाणी मिळतो, लहान गावात क्वचित. आणि एक लक्षात ठेव, "पिशवीचं तोंड मऊ व्हायचं इंजेक्शन" म्हणून जे देतात ते दुखणं कमी करायचं नसतं, त्यामुळे ते दिल्यावर अजून दुखतंय म्हणजे आपल्यातच काही कमी आहे असं वाटून घ्यायचं नाही. कळा यायचं सलाईन लावलं तर कळा अजून जोरात येतात हे पण माहीत असू दे, एपिड्यूरलची सोय असेल तर ते लावायच्या वेळीच विषय काढ.

बिनऔषधाच्या उपायांत मी सगळ्यात वर ठेवते ते सोबतीचं माणूस. पूर्ण वेळ आपलं माणूस जवळ असेल तर औषध कमी लागतं, सिझर पण कमी होतात, हे सिद्ध झालेलं आहे. आणि सरकारी दवाखान्यात सुद्धा २०१६ पासून केंद्र सरकारची सूचना आहे की बाळंतिणीजवळ सोबत राहू द्यावी, पडदे-आडोसा असेल तिथे नवऱ्याला पण. तरी बऱ्याच ठिकाणी दारातच अडवतात, म्हणून हे पण आधी विचारून ठेवायचं. आई घाबरट असेल तर आईच हवी असा हट्ट नको, शांत राहणारी मावशी, वहिनी, नवरा, कोणीही चालेल. त्या माणसाला एक गोष्ट शिकवून ठेव: माकडहाडाच्या जरा वर जे सपाट हाड लागतं तिथे कळ सुरू झाली की तळहाताच्या टाचेने सरळ आत दाबायचं, चोळायचं नाही, नुसतं दाबून धरायचं आणि कळ ओसरली की सोडायचं. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की कंबरेत असह्य कळा येतात, तेव्हा एवढ्या दाबाने बायकांचा चेहरा मोकळा झालेला मी बघितलाय, स्वतःच्या हाताने केलंय म्हणून सांगते. दाब चांगला जोरात लागतो, दाबणाऱ्याचे हात भरून येतात, दोघींनी आलटून पालटून करा.

चालत राहा, उताणी पडून राहू नको. उभं राहून खिडकीच्या गजाला किंवा बेडला धरून पुढे वाकायचं, कंबर गोल फिरवायची, दमलीस तर डाव्या कुशीवर. पाठीवर कोमट पाणी सोड नाहीतर गरम पाण्याची पिशवी ठेव, फक्त एपिड्यूरल घेतलं असेल तर पिशवी नको, बधिर जागी भाजलेलं कळत नाही. श्वासाचं फार मोठं शास्त्र करून ठेवलंय लोकांनी, तू एवढंच कर की कळ आली की नाकाने आत आणि तोंडाने लांब फुंकर घालत बाहेर, खांदे आणि जबडा सैल. ओरडावंसं वाटलं तर ओरड, फक्त बारीक किंचाळण्यापेक्षा खालच्या आवाजात "ऊं" करत सोडलंस तर दम टिकतो. पाणी, ताक, शहाळं, हलकं खाणं चालू ठेव, डॉक्टरांनी नाही म्हणेपर्यंत.

आणि साधारण ८ सेंटिमीटरच्या पुढे एक वेळ अशी येते की बाई म्हणते मला नाही जमणार, सिझर करा, मला घरी न्या. उलट्या होतात, पाय थरथरतात. तेव्हा आपलं काहीतरी बिघडलंय असं वाटतं, पण बाळ नीट असेल तर तो शेवटचा टप्पा असतो. सोबतीच्या माणसाला हे आधी सांगून ठेव, म्हणजे ते घाबरून डॉक्टरांच्या मागे लागणार नाही.

टाके. यावर कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. टाके घालताना जागा बधिर करायचं इंजेक्शन हे मिळायलाच पाहिजे, "कळा सोसल्या मग एवढं काय" हे ऐकून घ्यायचं नाही. सुई टोचलेली कळली तर तिथल्या तिथे सांग, अजून औषध द्यायला सांग. प्रत्येक पहिलटकरणीला चीर द्यायलाच हवी असं नाही, आणि पोटावर जोर देऊन बाळ खाली ढकलणं हे पण करू नये असंच आता सांगितलं जातं. लेबर रूममध्ये कोणी मांडीवर चापट मारली, घाणेरडं बोललं तर ते चुकीचंच, ते बाळंतपणाचा भाग म्हणून गिळायचं नाही. हे बोलायला सोबतीचं माणूस लागतं, कारण त्या वेळी तुला भांडायचं त्राण नसतं.

सासूबाईंशी वाद घालू नको. त्यांच्या वेळी कोणी विचारलंच नाही की बाई तुला काय हवंय, त्यामुळे सोसणं हाच एक मान त्यांच्या वाट्याला आला, तो आपण काढून घेतोय असं त्यांना वाटत असणार. एखाद्या दुपारी निवांत बसून विचार त्यांना, तुमच्या पहिल्या वेळी कोण होतं जवळ, किती वेळ लागला, भीती वाटली होती का. बहुतेक कोणी विचारलेलं नसेल. मग सांग, "तुम्ही काढलंत त्याचं मला मोल आहे, पण मला मदत मिळतीये तर मी घेणार आहे." एवढंच, पुढे स्पष्टीकरण नाही. आणि तरी ऐकत नसतील तर ते त्यांच्या मुलाने बोलायचं. "तुला पाहिजे ते कर" हे ऐकायला छान वाटतं पण त्यात सगळं ओझं तुझ्यावरच राहतं. हे सगळं त्याला वाचायला दे आणि डॉक्टरांकडे बरोबर ने.

नवव्या महिन्यात वाटीभर तूप प्यायलं की बाळ सटकन येतं असं कोणीतरी म्हणेलच, तूप पोटात जातं, पिशवीत नाही, जेवणात चमचाभर घे आणि बस. एरंडेल मात्र कळा यायला म्हणून अजिबात घेऊ नको, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी जातं आणि नेमकी ताकद लागते तेव्हा बाई गळून जाते. घरी येऊन कोणी कळांचं इंजेक्शन देतो म्हणालं तर दारातूनच परत पाठव, त्याने पिशवी फाटू शकते.

आणि दुखण्याची भीती एकीकडे, पण काही दुखणी थांबून बघायची नसतात: ३७ आठवड्यांच्या आधी कळा, रक्त जाणं, पाणी गेलं आणि ते हिरवट आहे, बाळाची हालचाल कमी झाली, पोट दगडासारखं कडक होऊन मधे सैलच पडत नाही, किंवा खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते. यातलं काहीही झालं तर बार्शीत असशील नाहीतर पुण्यात, सकाळ व्हायची वाट बघायची नाही, सासूबाई-आई काय म्हणतात तिकडे लक्ष द्यायचं नाही, फाईल उचलायची आणि निघायचं, गाडी नसेल तर १०८ किंवा १०२ ला फोन.